मावशीच्या फ्रिजवरचा ड्यूटी चार्ट

भिलाईला निघाले आहे असं सांगितलं की नागपुरातले लोक हमखास विचारतात, "तिथे बघायला काय आहे?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. भिलाईत किल्ला नाही, समुद्र नाही, थंड हवा तर नाहीच नाही. आहे तो एक भलामोठा पोलाद कारखाना आणि त्याच्याभोवती वसलेलं गाव. माझ्यासाठी मात्र भिलाई म्हणजे मावशीचं घर. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जायचो. मैत्रीबागेतला पांढरा वाघ, अंगणातला आंबा आणि रात्री कारखान्याच्या बाजूला मधूनच तांबूस होणारं आकाश, एवढ्यावर आमची सुट्टी मजेत जायची.

पण गेली चार वर्षं मी भिलाईला गेले नव्हते. मावशीला स्तनाचा कॅन्सर असल्याचं कळलं, तेव्हापासून.

विचारणाऱ्यांना मी कारणं सांगायचे. पुण्यातली नोकरी नवी आहे, सुट्टी मिळत नाही, तिकीट मिळत नाही. यातलं थोडंफार खरंही होतं. पण खरं कारण वेगळं होतं, आज ते लिहून टाकते. मला भीती वाटत होती. केस गेलेली मावशी बघायची भीती, तिच्यासमोर रडू येईल याची भीती आणि सगळ्यात जास्त, काय बोलायचं हे न सुचण्याची भीती. कंटेंट रायटर म्हणून दिवसभर शब्दांचंच काम करते, पण मावशीला पाठवायला मला लाल बदामाच्या इमोजीपलीकडे काही सापडायचं नाही.

या फेब्रुवारीत तिनेच फोन केला. म्हणाली, "आता माझे केसही वाढले आणि अंगणातला आंबाही मोहरला. आता कशाची वाट बघतेस?"

मी तिकीट काढलं.

नागपूर ते दुर्ग

नागपूरहून भिलाईला जायचं तर बहुतेक लोक दुर्गला उतरतात. दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरं आहेत, एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते नवख्याला कळत नाही. नागपूरहून सुमारे २६५ किलोमीटर. गोंदिया मागे पडलं की सालेकसा, दरेकसाचं जंगल लागतं. त्यानंतर छत्तीसगढ सुरू होतं आणि डोंगरगडला बमलेश्वरी देवीचं डोंगरावरचं मंदिर गाडीतूनच दिसतं. डब्यातल्या बायका खिडकीकडे वळून हात जोडतात. पुढे राजनांदगाव आणि मग दुर्ग.

ज्या रुळांवरून आपण जातो, ते रूळही बहुधा भिलाईतच तयार झालेले असतात. भारतीय रेल्वेला लागणारे रूळ इथे गेली अनेक दशकं बनत आहेत. इथून निघणारं रुळांचं एकसंध पॅनेल तब्बल २६० मीटर लांब असतं.

आपल्याला माहीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे भिलाई एकेकाळी नागपूरचीच होती. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाई कारखान्याचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. त्या वेळी हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा भिलाई आणि विदर्भ वेगळे झाले. माझ्या आजोबांच्या पिढीला म्हणूनच भिलाई परकी वाटायची नाही. "आपल्याच प्रांतातलं गाव" असं ते म्हणत.

माझ्यासमोरच्या बाकावर एक मध्यमवयीन जोडपं होतं. त्यांच्याजवळ एक्स-रेची मोठी पाकिटं आणि दोरीने बांधलेली जाडजूड फाइल होती. मुंबईहून तपासणी करून घरी परतत होते. मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्यांमध्ये अशा फाइली हमखास दिसतात. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं आणि तेव्हापासून देशभरातले रुग्ण या ना त्या गाडीने तिथे पोहोचतच आहेत. त्या काकांनी मला सांगितलं, की उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. "पण हे आम्हाला तिसऱ्या फेरीला कळलं," ते म्हणाले. "पहिल्या दोन फेऱ्यांना सांगणारं कुणी नव्हतं."

त्यांचं ते "सांगणारं कुणी नव्हतं" पुढचे चार दिवस माझ्या डोक्यात राहिलं.

नातेवाईक नसलेल्यांचं गाव

काका स्कूटर घेऊन स्टेशनवर आले होते. सेक्टरमध्ये शिरलं की भिलाई बदलते. रुंद, सरळ रस्ते, दोन्ही बाजूंना जुनी झाडं आणि झाडांमागे कंपनीची क्वार्टर्स. पत्ता सांगायला गल्लीचं नाव लागत नाही. सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर, एवढं पुरतं.

कारखाना उभा राहायला लागला तेव्हा इथे देशभरातून माणसं आली. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, ओडिशा, बिहार आणि आपल्या विदर्भातूनसुद्धा. रशियन इंजिनिअर होते ते वेगळेच. त्या मैत्रीची आठवण म्हणून १९७२ साली मैत्रीबाग उभी राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. आज त्याच गावात कालीबाडी आहे, अय्यप्पा मंदिर आहे, जगन्नाथाचा रथ निघतो, गुरुद्वारा, मशीद आणि चर्चही आहे.

हे सगळं माहितीपत्रकात असतंच. पण मावशीने त्यातली खरी गोष्ट सांगितली. "इथे आलेल्या कुणाचंच जवळपास कुणी नव्हतं. बाळंतपणाला आई यायची ती दोन दिवस गाडीत बसून. मग मधल्या वेळेत कोण? शेजारीण. म्हणून इथे शेजाऱ्याला नाही म्हणायची पद्धतच नाही. उद्या आपल्यालाही लागणार हे प्रत्येकाला माहीत असतं."

दुसरी गोष्ट म्हणजे शिफ्ट. झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षं विझू द्यायची नसते. दिवाळी असो की पाऊस, सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा, या वेळांना माणसं बदलतात, काम थांबत नाही. एक जण दमून निघतो तेव्हा दुसरा दारात उभा असतो. या गावातली लहान मुलंही "पप्पांची सेकंड शिफ्ट आहे" अशा भाषेत बोलतात.

मावशीच्या आजारपणात या गल्लीने काय केलं, ते समजून घ्यायला या दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात.

चार्ट

स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि फ्रिजवर लक्ष गेलं. चुंबकाने लावलेला एक मोठा कागद. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यात हळदीचा डाग. वर हिंदीत लिहिलं होतं, "ड्यूटी चार्ट". खाली चार रकाने होते, तारीख, गाडी, डबा आणि रात्र.

मावशीचं ऑपरेशन झालं, मग आठ केमो. दर २१ दिवसांनी एक, म्हणजे जवळजवळ सहा महिने. त्यानंतर रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज, तीन आठवडे. उपचार रायपूरला होते, म्हणजे एका बाजूने तासाभराचा रस्ता. काकांची नोकरी शिफ्टची आणि मावसभाऊ बंगळूरला. रेडिएशन स्वतः दहा-पंधरा मिनिटांचं असतं, पण जाणं, थांबणं आणि परत येणं यात सगळा दिवस जातो. आजार डॉक्टर बघतात. पण रोज रायपूरला नेणार कोण, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

समोरच्या घरात केरळच्या चेची राहतात, निवृत्त नर्स. पहिल्या केमोनंतर त्या वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सब लोग बोलता है, कुछ काम हो तो बताना. ऐसे नहीं चलेगा. कौन, किस दिन, क्या. लिखो."

मग चार्ट तयार झाला. पलीकडचे पाजी त्यांच्या गाडीने रायपूरला नेणार, आठवड्यातले दोन दिवस. उरलेल्या दिवशी काका आणि काकांचे दोन सहकारी, आपापसांत शिफ्ट बदलून. डबा चार घरांत वाटलेला. काकांची नाइट शिफ्ट असेल त्या रात्री मावशीजवळ झोपायला कोण, तेही ठरलेलं.

चार्ट लागला त्याच दिवशी मावशीकडे घरकाम करणाऱ्या दीदींनी तो वाचला. वाचून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सबका नाम है. मेरा नाम क्यों नहीं लिखा?"

मावशी सांगते, "मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. ती तर रोजच येत होती, म्हणून कुणाला सुचलंच नाही. पण तिला पगाराचं काम वेगळं आणि हे वेगळं हवं होतं." मग चेचींनी पाचवा रकाना आखला, सकाळ. सकाळी घशाखाली काही उतरायचं नाही, तेव्हा दीदी भाताची गरम पेज करून द्यायच्या. छत्तीसगढीत तिला पसिया म्हणतात. आधी त्यांनी मोठ्या प्रेमाने घरून बासी आणली होती. रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि मिरचीची चटणी, इकडचं उन्हाळ्यातलं लाडकं खाणं. पण केमो चालू असताना ताजं शिजवलेलंच खायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. चेचींनी बासीचा डबा दारातूनच परत पाठवला. दीदी रुसल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक है. बरं झाल्यावर खायला घालीन."

मी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वीस-बावीस नावं होती. मी ज्यांना कधी भेटलेही नव्हते अशांची नावं होती. माझं नव्हतं.

मावशी मागे उभी होती. काही बोलली नाही. मीही तेव्हा काही बोलले नाही.

भिलाईचा मुलगा आणि अनोळखी रक्त

संध्याकाळी बंगाली काकू आल्या. तरुणपणी त्या नाटकांत कामं करायच्या. भिलाईत नाटकाचं वेड जुनं आहे. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "तुमच्या मावशीला मी पहिल्याच दिवशी सांगितलं, आपला अनुराग बघ!"

अनुराग म्हणजे दिग्दर्शक अनुराग बासू. 'बर्फी' आणि 'लाइफ इन अ मेट्रो' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेत. पण ते भिलाईचे आहेत आणि त्यांचे आईवडील दोघंही नाट्यकर्मी होते, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या आजाराची हकिगत त्यांनी स्वतः अनेक मुलाखतींत सांगितली आहे.

वर्ष २००४. 'तुमसा नहीं देखा' या चित्रपटाचं काम चालू होतं. तोंडात मोठाले फोड आले, त्यांनी आधी दुर्लक्ष केलं. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला, अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. डॉक्टरांनी घरच्यांना फार थोडा अवधी सांगितला होता. पत्नी तेव्हा गरोदर होती. बासूंनी हॉस्पिटलच्या खाटेवरून सूचना रेकॉर्ड करून सेटवर पाठवल्या आणि उरलेला चित्रपट महेश भट्ट आणि मोहित सुरी यांनी पूर्ण करून घेतला.

त्यांच्या या हकिगतीत मला दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या वाटल्या. पहिली, टाटा हॉस्पिटलमध्ये खाट मिळवून द्यायला सुनील दत्त यांनी मदत केली. नर्गिस दत्त १९८१ साली कॅन्सरने गेल्या होत्या. त्यानंतर सुनील दत्त कॅन्सरच्या रुग्णांसाठी आयुष्यभर काम करत राहिले. स्वतःच्या घरातलं दुःख त्यांनी दुसऱ्याच्या उपयोगी आणलं.

दुसरी गोष्ट रक्ताची. या प्रकारच्या ल्युकेमियात रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, कुठूनही रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत प्लेटलेट्स पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. बासूंसाठी चित्रपट आणि मालिकांच्या दुनियेतली माणसं, ओळखीची आणि अनोळखी, रक्त द्यायला आली. आपल्या अंगात कुणाकुणाचं रक्त वाहतं आहे ते आपल्यालाही माहीत नाही, असं ते सांगतात.

हे ऐकून मी रात्री प्लेटलेट्सबद्दल वाचत बसले. दान केलेलं रक्त थंड ठेवलं तर महिनाभर टिकतं. प्लेटलेट्स मात्र साधारण पाचच दिवस टिकतात, तेही खोलीच्या तापमानाला, यंत्रावर सतत हलवत ठेवून. म्हणजे त्यांचा साठा करून ठेवताच येत नाही. मागच्या महिन्यात कुणी दिलेल्या प्लेटलेट्स या महिन्याच्या रुग्णाला चालत नाहीत. त्याच्यासाठी याच आठवड्यात कुणाला तरी यावं लागतं.

वाचताना मला फ्रिजवरचा कागद आठवला. तिथेही तेच होतं. मागच्या सोमवारी पाजींनी गाडी नेली, ते छान झालं. पण या सोमवारी कोण?

या आजाराबद्दल एक दिलासा देणारी गोष्टही कळली. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया एकेकाळी रक्ताच्या कॅन्सरमधला फार घातक प्रकार मानला जायचा. १९८० च्या दशकात शांघायच्या डॉक्टरांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं एक औषध त्यावर वापरलं आणि चित्र पालटलं. आज हा प्रकार सर्वाधिक बरे होणाऱ्या ल्युकेमियांमध्ये गणला जातो. औषध काम करतं, पण त्याला काम करायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ रक्तदाते मिळवून देतात.

अनुराग बासू बरे झाले. २००६ मध्ये 'गँगस्टर', २००७ मध्ये 'लाइफ इन अ मेट्रो', २०१२ मध्ये 'बर्फी', जो भारताने ऑस्करसाठी पाठवला. आणि २०२५ मध्ये 'मेट्रो इन दिनों'. आजाराला एकवीस वर्षं झाली होती.

काकू निघताना म्हणाल्या, "तो मोठा माणूस, त्याच्यासाठी मुंबई धावली असं लोक म्हणतात. पण तुझ्या मावशीसाठी आमची स्ट्रीट धावलीच ना?"

बरं झाल्यानंतरचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मावशी मैत्रीबागेत गेलो. तळ्याकाठी शाळेच्या मुलांची सहल आली होती. पांढरा वाघ झोपला होता, नेहमीसारखाच. मावशी भराभर चालत होती, मलाच दम लागला.

मी धीर करून विचारलं, "सगळ्यात अवघड काय होतं गं? केमो?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "केमोत निदान तारखा होत्या. अवघड गेलं ते उपचार संपल्यावर. शेवटचं रेडिएशन झालं, सगळ्यांनी पेढे वाटले आणि सगळे आपापल्या कामाला लागले. त्यांचं बरोबरच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले आणि कुठेच जायचं नव्हतं. मला वाटलं, आता मी कोण? पेशंट नाही. आणि आधीची ती बाईही नाही."

याबद्दल आपण फार कमी बोलतो. उपचार संपतात, पण थकवा कित्येक महिने राहतो. काखेतल्या गाठी काढलेल्या असतात, त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. मावशीला त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही आणि त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, असं सांगितलेलं आहे. हाताचे व्यायाम मात्र रोज करायचे. तपासणीची तारीख जवळ आली की आठवडाभर आधीपासून झोप उडते. साधी पाठ दुखली तरी मनात पहिला विचार तोच येतो.

आणि माणसं. चांगल्यांबद्दल लिहिलं, तसं दुसरंही लिहायला हवं. कुणी येऊन तिच्यासमोरच रडलं. कुणी केमो सोडून झाडपाल्याचं औषध घ्यायला सांगितलं. कुणी "पॉझिटिव्ह राहा" एवढंच सांगून गेलं. एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होतं, दरवर्षी बोलावणं यायचं, त्या वर्षी आलं नाही. "तिला बरं वाटत नसेल, म्हणून नाही बोलावलं," असं नंतर कळलं. मावशी म्हणाली, "त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं गं. पण मला विचारायचं तरी. नाही म्हणायचं की हो, ते मी ठरवलं असतं."

मी खाली बघत होते. मीही तिला विचारलं नव्हतं. मीही तिच्या वतीने ठरवून टाकलं होतं, की तिला आता त्रास नको.

"मग तू बाहेर कशी आलीस यातून?" मी विचारलं.

"चेचीने चार्ट बदलला," मावशी हसली. "गाडीचा रकाना काढला आणि फिरायला जाणं घातलं. डब्याचा रकाना काढला आणि लिहिलं, हिच्या हातची पुरणपोळी. म्हणाली, अब तुम्हारी ड्यूटी."

सोमवारी चेचींबरोबर सकाळचं फिरणं. बुधवारी काकूंच्या घरी मुलांची नाटकाची तालीम, मावशी तिथे कपडे शिवून द्यायची. शनिवारी इंडियन कॉफी हाउसमध्ये डोसा. आणि उन्हाळा आला, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा दीदी एक दिवस सकाळी डबा घेऊन आल्या. आत बासी होती, वर कांदा आणि चटणी. दोघींनी ओट्याजवळ खाली बसून खाल्ली. "त्या दिवशी मला वाटलं, झालं, मी घरी आले," मावशी म्हणाली.

चार फेब्रुवारी

मी निघायच्या आदल्या दिवशी ४ फेब्रुवारी होती. जगभर हा दिवस कॅन्सर दिन म्हणून पाळतात. भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली तीही ४ फेब्रुवारीलाच. हा निव्वळ योगायोग, पण काकांना त्याची फार गंमत वाटते.

त्या दिवशी सकाळी मावशी लवकर तयार झाली. पर्समध्ये पाण्याची बाटली, आल्याच्या वड्या आणि एक रुमाल. पलीकडच्या स्ट्रीटवर एक तरुण मुलगी आहे, नुकतंच निदान झालेलं. तिची दुसरी केमो होती आणि गाडीत तिच्यासोबत मावशी जाणार होती. आल्याच्या वड्या मळमळीसाठी.

"काय बोलतेस तू तिच्याशी?" मी विचारलं. माझी जुनी भीती.

"काही नाही. सीरियलबद्दल बोलतो. तिला बोलायचं नसेल तर मी खिडकीतून बघत बसते. बोलायला काही लागत नाही गं, बसायला लागतं."

संध्याकाळी ती परतली तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. चार वर्षं का आले नाही, काय वाटत होतं, चार्टवर माझं नाव नाही हे बघून काय वाटलं. तिने ऐकून घेतलं. "माझा राग होता तुझ्यावर," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी खूपच होता. तू लहानपणी इथेच असायचीस ना सुट्टीत." मग थोडं थांबून म्हणाली, "आता नाही. पण तू विचारलं असतंस तर तुलाही काम दिलं असतं. लांब राहणाऱ्यालाही काम असतं."

आणि तिने खरंच यादी सांगितली. त्या मुलीचं रेल्वे सवलतीचं प्रमाणपत्र आणि अर्ज, पुढच्या महिन्यात मुंबईला दुसरं मत घ्यायला जायचं आहे त्याचं तिकीट, विम्याची कागदपत्रं स्कॅन करून पाठवणं, कोणत्या तारखेला काय तपासणी ते मोबाइलवर लावून देणं. "तिच्या घरी यातलं कुणाला जमत नाही. तुला रोजचंच आहे."

मला गाडीतले ते काका आठवले. पहिल्या दोन फेऱ्यांना त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

जाणार असाल तर

भिलाईसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, त्यानंतर ऊन कडक होतं. मुंबई-हावडा मार्गावरच्या बऱ्याच गाड्या दुर्गला थांबतात. नागपूरहून बिलासपूरची वंदे भारतही आहे, ती डिसेंबर २०२२ पासून सुरू झाली. मैत्रीबागेसाठी अर्धा दिवस ठेवा, मुलं असतील तर नक्कीच. सिव्हिक सेंटरला संध्याकाळी फेरी मारा. सकाळच्या नाश्त्याला चीला आणि टोमॅटोची चटणी, संधी मिळाली तर फरा, आणि सणाच्या दिवसांत ठेठरी-खुरमी चुकवू नका. जाता-येता डोंगरगडला उतरायचं असेल तर एक दिवस वाढवा.

आणि कुठेही न जाता करण्यासारखी एक गोष्ट. तुमचं वय अठराच्या वर असेल, तब्येत चांगली असेल आणि वजन पन्नास किलोच्या वर असेल, तर जवळच्या रक्तपेढीत प्लेटलेट दात्यांच्या यादीत नाव द्या. तपासणी करून डॉक्टर ठरवतात. यंत्रावर साधारण तास-दीड तास लागतो. त्यांना पाच दिवसांत संपणाऱ्या गोष्टीसाठी सतत नवी माणसं लागतात.

मी परत नागपूरला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलं. सुई टोचताना डोळे मिटून घेतले होते, ते एकदा उघडले तेव्हा अर्धं झालं होतं. कुणाला गेल्या असतील ते मला कळणार नाही.

निघताना मावशीने फ्रिजवर नवा कागद लावला होता, त्या मुलीचा चार्ट. गाडी, डबा, रात्र, सकाळ. सगळ्यात शेवटी तिने एक रकाना वाढवला आणि पेन माझ्या हातात दिलं. रकान्याचं नाव होतं, कागदपत्रं.

मी माझं नाव लिहिलं. मावशीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "फोन नंबरही लिही. नुसत्या नावाचा काय उपयोग?"